‘वजन कमी करा’ : पण कसं?

मैत्रिणींनो, ‘वजन कमी करा हं बाई’ हे वाक्य डॉक्टरांकडे आपल्यापैकी कितीजणींनी ऐकलं असेल! आपण मान डोलावतो, घरी येतो आणि कुकर लावतो. किती कमी करायचं, कसं, केव्हापर्यंत, हे कळलेलंच नसतं. वर्गात मुलांना नुसतं ‘अभ्यास करा’ म्हणून भागत नाही. कोणता धडा, किती गणितं, ते सांगावं लागतं. लठ्ठपणाचंही तसंच. गोळीइतकीच शिकवणीचीही गरज असते.

‘पण मी कुठे एवढी जाड आहे?’ असं कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी आपल्या पुण्याचंच उदाहरण. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, निर्देशांक २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! आपण भारतीय दिसायला बारीक असलो तरी आतून तसे असूच असं नाही.

म्हणून वजनकाट्याबरोबर शिवणाच्या डब्यातली टेपही काढा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून माप घ्या. बाईचं ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाचं ९० च्या पुढे गेलं, तर सावध व्हायला हवं.

घाबरू मात्र नका. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना चेन्नईच्या डॉक्टरांनी खाण्याचं आणि चालण्याचं शिक्षण दिलं, वरचेवर विचारपूसही केली. २००६ साली निष्कर्ष आला : मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं. गंमत म्हणजे त्यांची वजनं फारशी उतरलीही नव्हती! तेव्हा काटा हलला नाही म्हणून चालणं सोडू नका.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे वही घेऊन जा आणि एवढं विचाराच :

• माझं पहिलं ध्येय किती किलोचं? (सत्तर किलोच्या बाईने चार-पाच किलो उतरवले तरी प्रकृतीला फायदा होतो.)
• थायरॉइड तपासायला हवं का? चालू औषधांपैकी एखाद्याने वजन वाढतं का?
• गुडघे दुखतात, तर कोणता व्यायाम करू?
• मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना उपास चालेल का? (हे विचारल्याशिवाय जेवण तोडू नका; साखर एकदम खाली जाऊ शकते.)

निघताना ‘मला काय समजलं ते सांगू का?’ म्हणून सगळं बोलून दाखवा. चूक तिथेच सुधारते.

आता घरचा हिशेब. दिवसाला चार कप चहा, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे रोज जवळजवळ ४० ग्रॅम. महिन्याला किलोच्या वर! तेल बरणीतून ओतू नका, चमच्याने मोजा. उपासाची साबुदाण्याची खिचडी म्हणजे पिष्ट, दाणे आणि तूप. तिला हलकं खाणं समजू नका. आणि हो, ‘वाया जाईल’ म्हणून मुलांच्या ताटातलं संपवणं आजपासून बंद. उरलेलं डब्यात झाकून ठेवा, पोटात नको.

एका वेळी एकच बदल करा, पंधरा दिवस टिकवा, मग दुसरा. ह्यांना आणि सासूबाईंनाही त्यात घ्या. वेगळं शिजवावं लागलं की आपला उत्साह आठवड्यात संपतो. साऱ्या घराचं ताट बदललं, तर तो टिकतो, आणि फायदाही साऱ्या घराला होतो.