शेणाचा एक पो, वाटेकरी मात्र शंभर

मैत्रिणींनो, पहिले एकदोन पाऊस झाले की गायरानात पडलेला शेणाचा पो काडीने उलटून बघा. आत काळे, टणक पाठीचे किडे वळवळताना दिसतील. आपण शेणकिडे म्हणून नाक मुरडतो. पण माल थोडा आणि घेणारे फार, ही अडचण त्यांनाही रोजचीच. आफ्रिकेत, केनियातल्या त्सावोच्या जंगलात अभ्यासकांनी मोजलं, तर हत्तीच्या दीड किलो शेणावर १६,००० किडे जमले आणि दोन तासांत सगळं साफ!

एवढ्या गर्दीत भागतं कसं? प्रत्येकाची रीत वेगळी. काही जाती पोमध्येच राहतात, तिथेच अंडी घालतात. काही पोच्या खालीच बीळ खणून शेण आत ओढतात. तिसऱ्या प्रकारचे किडे शेणाचा गोळा वळतात, डोकं खाली करून मागच्या पायांनी ढकलत लांब नेतात आणि पुरतात. कुणी दिवसा येतो, कुणी रात्री. गोळ्यात अंडं असलं तर अळी तेच शेण खाऊन मोठी होते. म्हणजे लेकरांच्या शिदोरीसाठीच ही सारी धावपळ.

पण हा काही समजूतदार वाटप नाही हं! आयता गोळा पळवणारे वाटेत टपलेलेच असतात. म्हणून गोळेवाला नाकासमोर सरळ पळतो. वळला, तर फिरून त्याच गर्दीत जायचा. दिशेसाठी तो सूर्य-चंद्र बघतो. दक्षिण आफ्रिकेतला एक रात्रीचा किडा तर आकाशगंगेच्या पट्ट्यावरून वाट धरतो, हे २०१३ साली दिसून आलं. बीळवाल्यांत शिंगवाला नर दाराशी पहारा देतो, दुसऱ्याला ढकलून लावतो. बिनशिंगाचा बारका नर भांडतच नाही. बाजूने चोरवाट खणून थेट मादीपाशी!

या ओढाओढीत फायदा आपला. शेण जमिनीत जातं, माती भुसभुशीत होते, माश्यांना अंडी घालायला जागा कमी उरते. ऑस्ट्रेलियात गुरं बाहेरून आली. तिथले किडे कांगारूच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले, त्यामुळे गाईचं शेण कुरणात तसंच वाळत पडायचं आणि माश्या बेसुमार वाढायच्या. १९६० च्या दशकापासून त्यांनी शेणकिडे परदेशातून मागवून सोडले.

आपल्याकडे ते फुकट आहेत, पण नकळत मारतो आपणच. आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध दिलं की ते जनावराच्या शेणातून बाहेर पडतं आणि पुढचे कित्येक दिवस त्या शेणातल्या अळ्या मरतात. जंताचं औषध बंद करा असं नाही. पण शेजारणीने दिलं म्हणून आपणही टोचून घ्यायचं, असं नको. आधी शेण तपासून घ्या, गरज आहे का आणि दुसरं औषध चालेल का, हे जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. आणि गोवऱ्यांसाठी गायरानातला पो न् पो उचलत असाल, तर चार तिथेच राहू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोभोवती ताज्या मातीचे बारीक ढीग दिसले, तर समजा, बीळवाले रात्री येऊन गेले.