अकाली म्हणजे कधी?

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आमच्या घरी कणकेचा एक दिवा लावतात आणि त्याचे तोंड दक्षिणेकडे करतात. एरवी दक्षिणेकडे तोंड केलेला दिवा आईला मुळीच चालत नसे. हा एक मात्र यमाचा. लहानपणी मला वाटे, आपण यमाला ‘येऊ नकोस’ असे सांगतो आहोत. पुढे व्रतकथांची जुनी पुस्तके चाळताना लक्षात आले, की या दीपदानात मृत्यू टळावा असे मागणेच नाही. मागणे आहे ते अपमृत्यू टळावा एवढेच. कथाही तशीच आहे. लग्नानंतर चौथ्याच दिवशी एका राजपुत्राचे प्राण न्यावे लागतात, नववधूचा आक्रोश ऐकून खुद्द यमदूतांचे मन द्रवते आणि असे मरण कोणाला येऊ नये यासाठी काही उपाय आहे का, असे ते आपल्या धन्यालाच विचारतात. लोकांच्या तोंडी असलेल्या कथेत तो राजपुत्र सर्पदंशाने जातो.

माझा थोरला भाऊ सर्पदंशानेच गेला. १९९४ च्या आषाढात, तेहेतिसाव्या वर्षी. मण्यार होती. मण्यारीचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखते म्हणून उठतो. दादाही तसाच उठला. वहिनीने ओवा दिला. पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, तेव्हा कुठे शंका आली. तालुक्याच्या गावी लस शिल्लक नव्हती आणि जिल्ह्याच्या वाटेवर जीपमध्येच त्याचा श्वास थांबला. मळ्यातली विहीर त्याने तीस फुटांपर्यंत खोदत आणली होती. मुलगी चार वर्षांची होती.

भेटायला येणारा प्रत्येक जण टेकला की पहिला प्रश्न विचारी, ‘वय काय होतं हो?’ आकडा ऐकून चुकचुके आणि उठताना तोच माणूस म्हणे, ‘वेळ आली होती, दुसरं काय.’ ही दोन वाक्ये एकमेकांशी जुळत नाहीत, हे तेव्हाच मनात खुपले. वेळ आलीच होती, तर वय कशाला विचारायचे? तत्त्वज्ञान मी कॉलेजात शिकलेलो नाही. नोकरी सांभाळून, वाचनालयांत जे हाती लागले ते तीस वर्षे वाचत आलो, त्याच्या मुळाशी हा काटा आहे.

मरण वाईट नाहीच, असे सर्वांत स्वच्छपणे सांगणारा माणूस म्हणजे अथेन्सचा एपिक्युरस (इ. स. पू. ३४१ ते २७०). चार्वाकासारखीच त्याचीही ‘खा, प्या, मजा करा’ म्हणून बदनामी झाली. प्रत्यक्षात गडी साध्या भाकरतुकड्यावर समाधानी राहणारा होता. मेनिसियस या शिष्याला लिहिलेल्या पत्रात त्याने मांडलेला विचार थोडक्यात असा, की चांगले-वाईट जे असते ते अनुभवाला यावे लागते आणि मरण म्हणजे तर अनुभवाचाच शेवट. आपण आहोत तोवर ते आलेले नसते. ते येते तेव्हा आपण नसतो. मग ते वाईट कोणाला? पुढे दोनशे वर्षांनी ल्युक्रीशियस या रोमन कवीने यात आणखी एक आरसा बसवला. जन्मापूर्वीच्या अनंत काळात आपण नव्हतो, त्याचे आपल्याला काही वाटत नाही. मग मरणानंतरच्या तशाच काळाचे का वाटावे? पानिपतावर १७६१ मध्ये जे झाले त्याची आपण हळहळ करतो, पण आपण तेव्हा नव्हतो म्हणून कोणी रडत बसत नाही.

या दोघांनी मला त्या दिवसांत फार आधार दिला, हे कबूल केले पाहिजे. दादाचे आता काही दुखत नाही, अर्धी विहीर त्याला आठवत नाही, हे मी स्वतःला पुनःपुन्हा सांगत असे. पण आधार देणारा विचार खरा असतोच असे नाही. ‘जे अनुभवाला येत नाही ते वाईट नाही’ हे पहिलेच पाऊल मला डळमळीत वाटू लागले. समजा, मुंबईला नोकरी करणाऱ्या एखाद्याचे नाव गावाकडच्या चुलत्याने सातबाऱ्यावरून गुपचूप काढून टाकले आणि त्याला मरेपर्यंत ते कळलेच नाही. त्याला काडीचे दुःख झाले नाही, म्हणून त्याचे नुकसान झाले नाही, असे गावातला कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. नुकसान व्हायला ते कळावेच लागते असे नाही.

अमेरिकन तत्त्वज्ञ टॉमस नेगेल यांनी १९७० साली मृत्यूवर एक छोटासा निबंध लिहिला, त्याचा रोख हाच आहे. मरण वाईट ठरते ते त्यात काही असते म्हणून नव्हे, तर ते जे हिरावून नेते त्यामुळे. ल्युक्रीशियसच्या आरशालाही त्यांचे उत्तर आहे. मी शंभर वर्षे आधी जन्मलो असतो तर तो मी नसतोच, दुसराच कोणी असता. पण दादा चाळीस वर्षे अधिक जगला असता, तर तो दादाच असता. म्हणून जन्मापूर्वीचा काळ कोणाचा हिरावलेला नसतो, मरणानंतरचा असतो. हे वाचले तेव्हा मला भेटायला येणाऱ्यांचा तो पहिला प्रश्न आठवला. वय विचारणारा माणूस नकळत नेगेलचाच हिशोब मांडत होता, किती उरले होते याचा.

मग दुसऱ्या वाक्याचे काय? याचे उत्तर मला पाश्चात्त्यांकडे नव्हे, चरकसंहितेत सापडले. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात अग्निवेश गुरू आत्रेयांना विचारतो, की मरण काळी येते आणि अकाळीही येते, म्हणजे काय? आत्रेय गाडीच्या आसाचा दाखला देतात. चांगला आस नीट वापरला तर झिजत झिजत आपल्या मापाने संपतो. पण भार जास्त झाला, रस्ता वाईट असला, वंगण मिळाले नाही, तर तोच आस वाटेत मोडतो. झिजणे हा काळ, मोडणे हा अकाळ. आणि ते पुढे बजावतात, की सगळीच मरणे ठरल्या वेळी येत असतील, तर औषध आणि पथ्य यांना काही अर्थच उरत नाही. ज्या भाषेत वेळेलाही काळ म्हणतात आणि मृत्यूलाही काळ म्हणतात, तिथे हा फरक ठणकावून सांगणारा माणूस वैद्य असावा, याचे मला नवल वाटत नाही.

‘वेळ आली होती’ या वाक्यावरचा माझा राग इथून सुरू होतो. ते प्रेमाने म्हटले जाते, घरच्यांना स्वतःला दोष देत बसावे लागू नये म्हणून म्हटले जाते. वहिनीला त्या ओव्याचा विसर पडावा, हाच त्यामागचा हेतू होता. पण ते मोडलेल्या आसाला झिजलेला ठरवते, आणि मग रस्त्याकडे कोणी बघत नाही. कोकणात लाल विंचू चावल्यावर मोठ्या संख्येने माणसे दगावत, तेव्हा त्यांचीही वेळच आलेली असे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून पाहिले आणि शंभरातले चाळीसच्या आसपास जे दगावत, ते एकावर आले. त्या एकोणचाळीस जणांची वेळ कुठे गेली? माझ्या आजीची नऊ बाळंतपणे झाली, जगली चार. उरलेल्या पाचांबद्दल ती ‘देवाची होती, देवानं नेली’ म्हणे. देशात १९७१ साली हजारी १२९ अर्भके वर्षाच्या आत जात. २०२० साली २८. सर्पदंशाचे मात्र अजून तसेच आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात त्याने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला ५८ हजारांच्या आसपास. बहुतेक खेड्यापाड्यांतली, बरीचशी पावसाळ्यातली.

तर मरण वाईट नसून अकाली मरण वाईट, असे म्हणून मी मोकळा झालो होतो. २०२२ साली आई गेली तोवर. वय ८६. झोपेत गेली. येणारे म्हणत, ‘सोनं झालं.’ मीही मान डोलावली. मग तिची पेटी आवरताना अर्धी गोधडी सापडली, सुई टोचलेली तशीच. दादाच्या मुलीला दिवस गेले होते. तिच्या बाळासाठी आई ती शिवत होती. आस झिजला होता यात शंका नाही, पण गाडीला अजून कुठेतरी जायचे होते. पिकलेल्या वयात आलेल्या मरणाबद्दल हळहळ करायची आपल्याला जणू परवानगीच नाही, आणि त्यामुळे म्हाताऱ्या माणसाचे अर्धे राहिलेले काम कोणी विचारातच घेत नाही.

याचा अर्थ कधीच मरू नये असा मात्र नाही. त्याची शिक्षा काय असते ते अश्वत्थाम्याला ठाऊक. नंदुरबार जिल्ह्यात अस्तंब्याच्या डोंगरावर ऐन दिवाळीत त्याच्या नावाने यात्रा भरते. आणि दोन वर्षे अंथरुणाला खिळलेले माझे मामा गेले तेव्हा ‘सुटले’ हा शब्द मला खोटा वाटला नव्हता. हिरावून नेण्यासारखे काही उरलेच नसेल, तर मरणाने नेले काय?

एपिक्युरसची एक गोष्ट मला अलीकडे वारंवार आठवते. मूतखड्याच्या असह्य वेदनांनी तो चौदा दिवस तळमळत होता. अखेरच्या दिवशी त्याने इडोमेनियस या मित्राला पत्र लिहिले. आपण आनंदात आहोत असे त्यात म्हटले, आणि आधीच वारलेल्या मेट्रोडोरस या शिष्याच्या मुलांचा सांभाळ करण्याची विनंती केली. मृत्युपत्रातही त्या मुलांची तरतूद होती. मरण म्हणजे काहीच नाही म्हणणाऱ्याने मागच्यांची एवढी चिंता का करावी, म्हणून सिसरोने त्याच्या मृत्युपत्रावर टीका केली आहे. मला ही विसंगती वाटत नाही. स्वतःच्या मरणाला न भिणे आणि बाप मेलेल्या मुलांचे काय गेले ते ओळखणे, ही दोन्ही कामे एकच माणूस करू शकतो.

दादाची विहीर वहिनीने २००१ साली पुरी केली. बेचाळीस फुटांवर पाणी लागले. गोधडी कोणी पुरी केली नाही. बाळाला ती अर्धीच पांघरत होते. आता ते तीन वर्षांचे झाले आहे, पाय उघडे राहतात.