न बसणारा सुटा भाग आणि खरेदीदाराचा हक्क

वार्षिक अंकासाठी भाषाशिक्षकाकडून अपेक्षा असते ती एखाद्या कवीच्या परिचयाची किंवा प्रवासवर्णनाची. आम्ही मात्र यंदा मोटारीच्या ब्रेकविषयी लिहावयास बसलो आहोत. कलाशाखेच्या पदवीधराने यंत्राच्या वाटेस जाऊ नये, असा टोमणा शिक्षककक्षात आम्हांस मिळालाच. तथापि गेल्या पावसाळ्यापूर्वी जो प्रसंग आमच्यावर गुदरला, त्यात यंत्रविद्येइतकाच भाषेचा, विशेषतः पावतीवर लिहिलेल्या चार शब्दांचा, संबंध होता.

आमची मोटार लहान आणि बारा वर्षांची. वासोण्याहून शाळेत येताना तीत आमच्यासह शेजारची तीन मुले बसतात, आणि सुटीच्या दिवशी ती खानवेल-दुधनीकडील चढउतारांवरून जाते. मे महिन्यात पुढील चाकांचे ब्रेक करकरू लागले. मिस्त्रींनी चाक काढून दाखविले, तेव्हा ब्रेकपॅड झिजून पत्र्यास टेकण्याच्या बेतात होते. शेजारच्या शहरातील एका दुकानातून आम्ही नवा संच आणला. मोटार बनविणाऱ्या कंपनीच्या वेष्टनातील संचाहून तो निम्म्या किमतीचा होता. एक हजार तीनशे ऐंशी रुपये. दुसऱ्या दिवशी मिस्त्री तो बसवू लागले, तो पॅड खाचेत शिरेना. त्यांनी हातोडीने दोन ठोके मारले, मान हलविली आणि ग्राइंडर जोडीत म्हटले, “सर, काळजी कशाला? दोन्ही कान जरा घासतो, मस्त बसेल.”

येथे आम्ही त्यांचा हात धरला. का धरला, हे सांगण्यापूर्वी ह्या बाजाराची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे.

मोटारीतील सारे भाग तिची कंपनी स्वतः घडवीत नाही. पुष्कळसे भाग निरनिराळे कारखाने तिच्यासाठी तयार करतात आणि ते तिच्या वेष्टनात, तिच्या क्रमांकाने विकले जातात. ह्यांपैकी काही कारखाने तोच माल स्वतःच्या नावानेही बाजारात आणतात. तो स्वस्त असतो आणि बहुधा उत्तमही असतो. तिसरा वर्ग स्वतंत्र कारखान्यांचा. मूळ आराखडा त्यांच्या हाती असतोच असे नाही. मग बाजारातील एक नमुना घेऊन त्याची मापे काढतात आणि त्यावरून साचा करतात. हाही धंदा सचोटीचा असू शकतो. चौथा प्रकार मात्र सरळ फसवणुकीचा : दुसऱ्याचे नाव व वेष्टन छापून विकलेला बनावट माल. मुंबईस ऑपेरा हाऊसच्या परिसरात किंवा दिल्लीस काश्मिरी गेटच्या बाजारात हिंडणाऱ्यास हे सर्व प्रकार शेजारी शेजारी मांडलेले दिसू शकतात. स्वस्त म्हणजे खोटे, असे समजून चालू नये. आमची तक्रार किमतीबद्दल नव्हती.

नमुन्यावरून केलेला भाग चुकतो कसा? आपल्या सिल्वाशाच्या परिसरात प्लास्टिकचे कारखाने कितीतरी आहेत आणि तुमच्यापैकी अनेकांचे पालक तेथे काम करतात, त्यांना विचारा. साच्यात ओतलेले तप्त प्लास्टिक थंड होताना आकसते. पॉलिप्रॉपिलीन ह्या प्रकाराचे आकसणे साधारणतः शेकडा एक ते दोन एवढे असते. दीड मीटर लांबीच्या बंपरात शेकडा एकाची चूक झाली, तर भोके पंधरा मिलिमीटरनी सरकतात. साचा त्या मानाने मोठा करावा लागतो, आणि तो किती मोठा करावा हे मिश्रणावर, जाडीवर व थंड करण्याच्या वेळावर अवलंबून असते. लोखंडी पत्र्याची गोष्ट उलट : दाबून वाकविलेला पत्रा दाब काढताच थोडा मागे उघडतो. ज्याने मूळ नमुनाच वापरलेला, किंचित वाकलेला घेतला, त्याची चूक तर साच्यातच कायम होते आणि पुढे हजारो भागांत उतरते. शिवाय एकाच नावाची मोटार वर्षाच्या मध्यास बदलते. नाव तेच, वर्ष तेच, परंतु आतील भाग निराळा. म्हणून नाव सांगून भाग मागण्यापेक्षा सतरा अक्षरांकांचा चासी क्रमांक दाखवून कंपनीच्या वर्कशॉपमधून भागाचा नेमका क्रमांक आधी लिहून घ्यावा. आम्ही तसे केले नव्हते, ही आमची चूक येथेच कबूल करतो.

आता ब्रेककडे वळू. पॅड म्हणजे पोलादी पट्टीवर चिकटविलेला घर्षणद्रव्याचा थर. पट्टीच्या दोन टोकांना कान असतात व ते चौकटीच्या खाचांत सरकते बसतात. पायाने दाब दिला की पॅड पुढे सरकून तबकडीस आवळतो. दाब सोडला की त्याने सुटले पाहिजे. कान घट्ट असेल तर पॅड सुटत नाही. तो तबकडीस घासत राहतो, चाक तापते, आणि उष्णता फार वाढली तर ब्रेकच्या नळीतील द्रवास उकळी फुटून त्यात बुडबुडे होतात. मग पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. उतारावर असे झाले तर काय, ते आम्ही लिहीत नाही. उलट, हाताने अंदाजे घासलेला कान एका बाजूस सैल व दुसऱ्या बाजूस तिरका होतो. पॅड खडखडतो, तिरका झिजतो, आणि वरचा रंग गेल्याने पहिल्याच पावसात गंजून पुन्हा अडकतो. आपल्याकडचा पाऊस तुम्हांस ठाऊकच आहे.

मात्र न्याय दोन्ही बाजूंनी झाला पाहिजे. चौकटीतील खाचेत गंज साचला, तर निर्दोष पॅडही बसत नाही. म्हणून आम्ही मिस्त्रींकडून खाचा तारेच्या ब्रशने स्वच्छ करवून घेतल्या व जुना पॅड घालून पाहिला. तो अलगद सरकला. नवा तरीही अडकला. मग आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेतून व्हर्नियर कॅलिपर मागून आणला, आणि दहावीच्या दोन विद्यार्थ्यांनी आमच्यासमोर मापे घेतली. आमच्या हातावर आमचा स्वतःचाच विश्वास नव्हता. जुन्या पट्टीपेक्षा नवी पट्टी आठ दशांश मिलिमीटरने रुंद निघाली. त्याहून महत्त्वाची गोष्ट मुलांनी न सांगता केली : त्यांनी संचातील चारही पॅड मोजले. तीन रुंद होते, चौथा जुन्याबरोबर तंतोतंत जुळत होता. मॉडेल चुकले असते तर चारही चुकले असते. दोष घडणीत होता, हे एका कोष्टकात सिद्ध झाले.

ग्राइंडर का थांबविला, त्याचे दुसरे कारण कायद्यात आहे. माल विक्री अधिनियम हा १९३० सालचा जुना कायदा. खरेदीदाराने सावध असावे, हा त्याचा सामान्य नियम खरा. पण त्याच्या १६व्या कलमात मोठा अपवाद आहे. वस्तू कशासाठी हवी हे ग्राहकाने विक्रेत्यास कळविले असेल, तो विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबला असेल, आणि तशा वस्तू विकणे हाच विक्रेत्याचा व्यवसाय असेल, तर ती वस्तू त्या कामास योग्य असली पाहिजे अशी अट न लिहिताही करारात असते. ४१व्या कलमाप्रमाणे माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत ग्राहकाने तो स्वीकारला असे होत नाही. ४२वे कलम मात्र ग्राहकास बांधणारे : विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असे काही त्याने मालावर केले, किंवा नापसंती न कळविता वाजवी मुदतीपलीकडे तो ठेवून घेतला, तर माल स्वीकारला असे धरले जाते. कानशीचा एक हात फिरला असता, तर माल आमचा झाला असता व तक्रार लंगडी पडली असती.

पावती आम्ही हट्टाने घेतली होती. आमच्या घरी कोंकणी बोलतात. आजी नुस्ते घेताना माशाचे कल्ले उचलून बघे आणि आम्हांस म्हणे, “पयलीं पळय, मागीर घे.” ब्रेकपॅडला कल्ले नसतात, पावती असते. दुकानदार साध्या चिठ्ठीवर आकडा लिहून देत होता. आम्ही पक्के बिल मागितले व त्यावर मोटारीचे नाव, वर्ष आणि ‘पुढील ब्रेकपॅड, संच एक’ असे लिहवून घेतले. हेच ते चार शब्द. मोटार कोणती व काम कोणते हे विक्रेत्यास ठाऊक होते, ह्याचा त्याच्याच हस्ताक्षरातील पुरावा. ह्याच्या दोन वर्षे आधी एका दिव्याच्या बाबतीत आम्ही बिल घेतले नव्हते. पहिल्या पावसात त्यात पाणी शिरले आणि दुकानदाराने आम्हांस ओळखच दिली नाही.

ह्या खेपेस दुकानदाराने ओळख दिली, पण माल घेईना. “दोष तुमच्या गाडीत आहे,” असे म्हणून त्याने बिलाच्या तळाशी छापलेल्या ओळीवर बोट ठेवले : विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ही ओळ पाहून ग्राहक खाली मान घालून परततात. आम्हीही पूर्वी परतलो आहोत. परंतु ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ (अंमल २० जुलै २०२०पासून) ह्याच्या दुसऱ्या कलमात अनुचित व्यापारप्रथेची जी व्याख्या आहे, तीत दोन गोष्टी स्पष्ट आहेत. बिल न देणे ही अनुचित प्रथा आहे. सदोष माल परत घेऊन पैसे परत करण्यास बिलात दिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, नकार देणे हीही अनुचित प्रथा आहे. छापील ओळ निर्दोष मालाविषयी ग्राहकाने मन बदलले तर उपयोगी पडेल. सदोष मालास ती झाकू शकत नाही. मोबाइलवरून मागविलेल्या मालास २०२०चे ई-वाणिज्य नियम लागू होतात. तेथेही सदोष, बनावट किंवा वर्णनाप्रमाणे नसलेला माल परत घेणे विक्रेत्यास नाकारता येत नाही, आणि व्यासपीठाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच व एका महिन्यात निवारण दिले पाहिजे.

हे कायदे आकाशातून पडलेले नाहीत, आणि त्यांच्या पूर्वेतिहासाचा आपल्या भूमीशी एक नाजूक धागा आहे. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाले. त्या लढ्यात उतरलेल्या तरुणांत संगीतकार सुधीर फडके होते आणि बिंदुमाधव जोशीही होते. पुढे वीस वर्षांनी, १९७४ साली, ह्याच बिंदुमाधव जोशींनी पुण्यास ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली, तिच्या उभारणीत सुधीर फडके होते. घरोघरच्या गृहिणींचे गट करून महिन्याचे वाणसामान एकत्र खरेदी करून वाटणे, ही तिची रीत. पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६च्या डिसेंबरात झाला. २४ डिसेंबर हा दिवस त्यासाठीच राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतात. शाळेत २ ऑगस्टला आपण ध्वजवंदन करतो, तेव्हा ह्या दुसऱ्या कामगिरीचा उल्लेख होत नाही, ह्याची आम्हांस रुखरुख वाटते.

असो. दुकानातून परतल्यावर आम्ही भांडलो नाही, पत्र लिहिले. बिलाचा क्रमांक व तारीख, चार पॅडांच्या मापांचे कोष्टक, न बसलेल्या पॅडचे छायाचित्र, माल न वापरता मूळ खोक्यात ठेवला आहे हे विधान, आणि अमुक दिवसांत रक्कम परत मिळावी ही मागणी : एवढेच, एका पानात. विशेषणे आम्ही पहिल्या मसुद्यात बरीच घातली होती. ती सर्व काढली. रजिस्टर पोस्टाने पत्र धाडले व प्रत जवळ ठेवली. त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या १९१५ ह्या क्रमांकावर तक्रार नोंदविली. ही साहाय्यवाणी निकाल देत नाही, दावा दाखल होण्यापूर्वी तडजोडीचा प्रयत्न करते. तेथे न जमल्यास जिल्हा ग्राहक आयोग असतो. नव्या कायद्याने ग्राहकास आपण राहतो किंवा काम करतो तेथील आयोगाकडे जाण्याची मुभा दिली आहे. दुकानदाराच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि २०२५पासून ई-जागृती ह्या शासकीय संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार दाखल होते. दोष परीक्षेशिवाय ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून ती जशीच्या तशी जपून ठेवावयाची.

आम्हांस तेथवर जावे लागले नाही. खरेदीपासून बाविसाव्या दिवशी दुकानदाराचा दूरध्वनी आला. गेलो तेव्हा त्याने कोष्टक काउंटरवर पसरले होते आणि त्याच खोक्यातील दुसऱ्या एका संचावर पट्टी लावून तो पाहत होता. “मास्तर, अजून दोन गिऱ्हाइकांनी हाच माल आणला परत,” तो म्हणाला, “त्यांना मीच घासून घ्या म्हटलं होतं.” त्याने पूर्ण रक्कम दिली. मिस्त्रींची मजुरी आम्ही मागितली नाही. मागता आली असती. त्या दोन गिऱ्हाइकांचे पत्ते त्याच्याकडे आहेत काय, असे आम्ही विचारले. एकाचा होता. दुसऱ्याची जीप होती व तिच्यातून मुले शाळेत जातात, एवढेच त्याला आठवत होते. त्या दोघांना निरोप धाडण्याचे त्याने कबूल केले. आम्हीही दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेनंतर जीपमधून येणाऱ्या मुलांना थांबवून घेतले आणि प्रत्येकाकडून घरी देण्यासाठी एकेक चिठ्ठी पाठविली.