मासिक चक्र, झोप आणि मनःस्थिती

पनवेलहून मुंबईकडे निघणाऱ्या पहाटेच्या लोकलमध्ये महिलांच्या डब्यात पेंगणाऱ्या स्त्रिया नित्य दिसतात. स्वयंपाक उरकून, डबे भरून त्या घराबाहेर पडलेल्या असतात आणि पुढे सव्वा तासाहून अधिक प्रवास असतो. झोपेची ही तूट बारमाहीच आहे. परंतु पाळीपूर्वीच्या काही दिवसांत शरीरही तीत भर घालते, याची दखल सहसा घेतली जात नाही.

मासिक चक्र सरासरी २८ दिवसांचे असले, तरी २१ ते ३५ दिवसांचे चक्रही स्वाभाविकच होय. चक्राच्या मध्यास बीजाशयातून स्त्रीबीज बाहेर पडते. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते आणि शरीराचे तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढते. शांत झोपेसाठी रात्री शरीर थोडे निवावे लागते. या दिवसांत ते पुरेसे निवत नाही व झोप मोडते. पुढे पाळी जवळ येताच प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही दोन्ही संप्रेरके झपाट्याने उतरतात. मनःस्थितीशी निगडित असलेल्या सेरोटोनिन या मेंदूतील द्रव्याच्या कार्यावर त्याचा परिणाम होतो. चिडचिड, उदासी, अकारण रडू येणे ही त्याचीच लक्षणे. ज्या स्त्रियांना हा त्रास अधिक होतो, त्यांच्या संप्रेरकांचे प्रमाण बहुधा इतरांसारखेच असते. त्यातील चढउतार त्यांच्या मेंदूला अधिक जाणवतो, इतकेच. तेव्हा याला स्वभावदोष म्हणणे अन्यायाचे ठरते.

पाळी सुरू झाल्यावर ओटीपोटातील कळा झोप मोडतात. त्यातच ‘कावळा शिवला’ म्हणून काही घरांत तिला वेगळ्या चटईवर निजावे लागते!

आणखी एक कारण रक्तक्षयाचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. लोहाच्या कमतरतेमुळे थकवा येतो, तसेच रात्री पाय सतत हलवावेसे वाटून झोप लागत नाही. शाळेतून दिली जाणारी लोहाची साप्ताहिक गोळी मुलींनी टाकून देऊ नये, हे शिक्षकांनी आवर्जून पाहावे.

त्रास पाळीचाच आहे किंवा कसे, हे ओळखण्याचा उपाय सोपा आहे. सलग दोन महिने पाळीची तारीख, झोप व मनःस्थिती रोज वहीत टिपावी. पाळी सुरू होताच काही दिवसांत मन हलके होत असेल, तर संबंध चक्राशी आहे. उदासी महिनाभर टिकत असेल, तर कारण निराळे असू शकते. जगणे नकोसे वाटू लागल्यास मात्र वही भरण्याची वाट पाहू नये. पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात जावे, अथवा टेलिमानसच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर तत्काळ बोलावे.