गिरणगावचे ओरिजिनल ‘दादा’

अंडरवर्ल्ड म्हटलं की आपल्याला थेट ‘सत्या’ आठवतो. पण बॉस, मुंबईतल्या टोळ्या पिस्तुलाच्या आधी तालमीत घडल्या! दोन महायुद्धांच्या मधल्या काळात गिरणगावातल्या वस्त्यांवर ‘दादां’चं राज्य होतं. आखाड्यात कमावलेलं शरीर आणि मागे लाठीवाली पोरं. गावाहून आलेल्या गड्याला डोकं टेकायला जागा, उसने पैसे किंवा भांडणात पाठबळ हवं असेल, तर जायचं दादाकडेच. बदल्यात त्याचा शब्द पाळायचा!

खरी टक्कर झाली ती संपांत. १९२८ मध्ये सुमारे दीड लाख गिरणी कामगार सहा महिने संपावर होते. त्यातून गिरणी कामगार युनियनचा लाल बावटा जोरात आला. १९२९ च्या संपात घोडपदेवचा केशव दादा बोरकर या बावट्याच्या विरोधात उभा ठाकला. युनियनचेही स्वयंसेवक होतेच. मग काय, गिरणीच्या गेटवर आणि नाक्यावर राडे! पोट मात्र दोन्हीकडच्या कामगाराचंच रिकामं.

पिंपळे सौदागरहून रोज चाकणला जाणाऱ्यांना ही गोष्ट परकी वाटू नये. भंगाराच्या आणि माथाडीच्या कामांवरून दादागिरीच्या तक्रारी तिथेही झाल्यात. खोली, नोकरी आणि न्याय ओळखीशिवाय मिळत नाही, तिथे दादा जन्मतोच.