पॅकेज व्यवस्थापक व स्वयंचलन साधने

एखाद्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या आज्ञावल्या सार्वजनिक भांडारातून आणणे, त्यांना लागणाऱ्या इतर आज्ञावल्या शोधून सोबत बसविणे, त्यांच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणे आणि गरज सरल्यावर त्या काढून टाकणे, ही कामे करणाऱ्या आज्ञावलीस पॅकेज व्यवस्थापक म्हणतात. ‘पॅकेज’ म्हणजे आज्ञावली, तिचे नाव, आवृत्ती व तिच्या गरजांची यादी एकत्र बांधलेला संच होय. पायथन भाषेचा पिप व जावास्क्रिप्टचा एनपीएम हे याचे परिचित नमुने आहेत. संगणकांच्या उभारणीतील व देखभालीतील तीच ती कामे माणसाच्या हातून काढून घेणारी स्वयंचलन साधने बहुधा अशाच व्यवस्थापकाद्वारे बसविली जातात.

पायथन भाषा ग्वीदो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या पॅकेजांचे मध्यवर्ती भांडार २००३ मध्ये सुरू झाले. इअन बिकिंग यांनी २००८ मध्ये पिप तयार केला व २०१४ पासून तो भाषेच्या मूळ संचाबरोबरच मिळू लागला. अशी साधने येण्यापूर्वी एखादे साधन हवे असल्यास ते उतरवून घ्यावे, ते चालत नाही असे दिसल्यावर त्याला लागणारे दुसरे शोधावे, मग दुसऱ्याला लागणारे तिसरे, असा क्रम चाले. पिपसारख्या साधनांमुळे हा शोध एका ओळीच्या आज्ञेत आला. मात्र त्यामुळे वापरणाऱ्याने नाव न ऐकलेल्या अनेक लेखकांचे काम एका आज्ञेसरशी त्याच्या संगणकात येऊ लागले, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

स्वयंचलन साधनाचे उदाहरण म्हणून आन्सिबल घेता येईल. मायकेल डीहान यांनी ते २०१२ मध्ये प्रसिद्ध केले; २०१५ मध्ये रेड हॅट या कंपनीने ते विकत घेतले. (हे नाव अर्सुला ले ग्विन यांच्या १९६६ च्या कादंबरीतील, दूरच्या ग्रहांशी तत्क्षणी बोलता येणाऱ्या काल्पनिक यंत्राचे आहे.) कोणत्या संगणकावर काय असावे याचे वर्णन एका साध्या मजकूर-धारिकेत लिहितात; तिला प्लेबुक म्हणतात. आन्सिबल एकाच नियंत्रक संगणकावर बसवितात. तेथून ते सुरक्षित जोडणीने इतर संगणकांत शिरते, वर्णन व वस्तुस्थिती यांतील फरक पाहते आणि तेवढाच भरून काढते. त्या इतर संगणकांवर स्वतंत्र हस्तक-आज्ञावली बसवावी लागत नाही. बहुतेक कामांसाठी तेथे पायथन असले म्हणजे पुरते. नियंत्रक संगणक मात्र लिनक्स किंवा तत्सम प्रणालीचा लागतो. विंडोजवर त्यासाठी लिनक्सची उपप्रणाली घ्यावी लागते.

अशा साधनाची गरज एकच रचना अनेक ठिकाणी उभी करताना प्रकर्षाने जाणवते. ठाणे जिल्ह्यातील कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी कर व दाखले यांसारखी कामे संगणकावर आणली आणि पुढे राज्यातील इतर नागरी संस्थांसाठी तोच नमुना स्वीकारण्यात आला. आन्सिबल तेव्हा नव्हते. परंतु एका कार्यालयात चालणारी व्यवस्था दुसऱ्या कार्यालयात तंतोतंत तशीच कशी उभारावी, हा प्रश्न तोच होता. याच्याशी थेट जुळणारे उदाहरण मुंबईतील फ्रॅपे या कंपनीचे आहे. रुशभ मेहता यांनी स्थापन केलेल्या या कंपनीची ईआरपीनेक्स्ट ही मुक्तस्रोत आज्ञावली हिशेब, साठा व उत्पादन यांच्या नोंदी ठेवते व मुख्यतः पायथनमध्ये लिहिलेली आहे. ती उभारणारे व अद्ययावत ठेवणारे ‘बेंच’ हे साधन पिपने बसविता येते आणि त्याच्या पूर्वीच्या सुलभ उभारणीच्या पद्धतीत आन्सिबलची प्लेबुके वापरलेली होती. ईआरपीनेक्स्टला मारियाडीबी हा विदागार व रेडिस ही स्मृतिसाठवण लागते. या दोन्ही पायथनच्या भांडारातून येत नाहीत, म्हणून पिप त्या बसवू शकत नाही. पिप साधन आणतो आणि साधन बाकीचे आणते, अशी ही कामाची वाटणी आहे.

प्रत्यक्ष कृती थोडकी आहे. (आज्ञा रोमन लिपीत टंकित करावयाच्या असतात; येथे त्या उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत.) केवळ ‘पिप इन्स्टॉल आन्सिबल’ एवढे लिहून काम होई, पण ही सवय घातक होती. लिनक्स प्रणालीची स्वतःची कित्येक साधने त्याच पायथनवर चालतात. पिपने त्यांच्या एखाद्या पॅकेजाची आवृत्ती बदलली की ती बंद पडू शकतात. म्हणून डेबियनच्या जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून प्रणालीच्या पायथनमध्ये अशी ढवळाढवळ करण्यास पिप नकार देतो. तो नकार धुडकावणारा पर्यायही आहे. त्याच्या नावातच ‘ब्रेक’ हा शब्द आहे, यावरून काय ते समजावे. योग्य मार्ग म्हणजे ‘पायथन३ -एम वेन्व्ह’ या आज्ञेने एक वेगळी निर्देशिका निर्माण करावी, ती कार्यान्वित करावी व तिच्या आत आन्सिबल बसवावे. या निर्देशिकेस आभासी परिसर म्हणतात. एकाच स्वयंपाकघरात दोन चुली मांडाव्यात, तसा हा प्रकार आहे. एकीवरचे उतू गेले तरी दुसरीवरचे शिजत राहते. प्रत्येक साधनासाठी असा परिसर आपोआप करणारे पिपएक्स हे साधनही उपलब्ध आहे.

आवृत्तीचा उल्लेख न केल्यास पिप सामान्यतः त्या दिवशीची सर्वांत नवी चालणारी आवृत्ती आणतो. त्यामुळे आज व सहा महिन्यांनी दिलेली तीच आज्ञा दोन वेगळ्या गोष्टी बसविते. आन्सिबलच्या २०२० मधील विभागणीत हे ठळकपणे दिसले. तोवर एकसंध असलेले हे साधन गाभा व पूरक संग्रह अशा दोन पॅकेजांत विभागले गेले आणि २·९ वरून २·१० वर जाताना पिपने थेट उन्नती करता येईना. जुने आधी काढून टाकावे लागे. यावर उपाय म्हणजे चालत असलेल्या सर्व पॅकेजांची नावे व नेमक्या आवृत्त्या ‘पिप फ्रीझ’ या आज्ञेने धारिकेत उतरवून ठेवणे. ही धारिका व प्लेबुके कार्यालयाबाहेरही असावीत. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत कल्याण व उल्हास नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. अशा प्रसंगी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याचा तळमजल्यावरील संगणक गेला, तर हिशेबाच्या विदेची प्रत असूनही ती वाचणारी व्यवस्था पुन्हा उभी करता येत नाही, कारण कोणत्या आवृत्त्या होत्या हे कोणासच आठवत नसते. धारिका असल्यास ते काम थोडक्या अवधीत होते.

भांडारात पॅकेज ठेवण्यास पूर्वपरवानगी लागत नाही, ही त्याची शक्ती आहे आणि तोच त्याचा धोकाही. अक्षराच्या फरकाने फसविणारी पॅकेजे तेथे वारंवार आढळली आहेत. ‘कलरामा’ या प्रसिद्ध पॅकेजाच्या नावात ब्रिटिश वर्णलेखनाचे एक अक्षर घालून केलेले बनावट पॅकेज २०१८ मध्ये उघडकीस आले. डिसेंबर २०२२ मध्ये पायटॉर्चच्या चाचणी-आवृत्तीस लागणाऱ्या ‘टॉर्चट्रायटन’ या पॅकेजाच्या नावाचेच दुष्ट पॅकेज सार्वजनिक भांडारात ठेवले गेले व पिपने मूळाऐवजी तेच उचलले. स्वयंचलन साधनाच्या बाबतीत हे विशेष गंभीर ठरते, कारण नियंत्रक संगणकाजवळ इतर सर्व संगणकांच्या किल्ल्या असतात. १ जानेवारी २०२४ पासून भांडारात पॅकेजे ठेवणाऱ्यांना द्विस्तरीय ओळखपडताळणी सक्तीची झाली. वापरणाऱ्याच्या बाजूने, प्रत्येक पॅकेजाचा अंकठसा धारिकेत लिहून तो जुळल्याखेरीज काहीही न बसविण्याची सोय पिपमध्ये आहे. ती वापरणारे थोडे.

साधन काढून टाकताना ‘पिप अनइन्स्टॉल’ ही आज्ञा नाव दिलेले पॅकेजच काढते. त्याच्या गरजेपोटी आलेली पॅकेजे मागे राहतात. आभासी परिसर वापरला असल्यास ती निर्देशिका पुसून टाकली की सर्व एकदम जाते.