पुढच्या हंगामात या तिरंदाजांवर ठेवा नजर. बुलढाण्याची दोन पोरं शर्यतीत

बीबी (ता. लोणार) : क्रिकेटचा स्कोअर गावात दर दहा मिनिटांनी मोबाइलवर बघितला जातो. कोणता खेळाडू कोणत्या टीमने घेतला, हे शाळकरी पोरांना तोंडपाठ असतं. पण आपल्या बुलढाणा जिल्ह्याचं नाव ज्या खेळाने जगभर नेलं, त्या खेळाकडे गावाकडे अजून फारसं कोणाचं लक्ष नाही. हा खेळ म्हणजे तिरंदाजी. २०२६ च्या हंगामात या खेळात महाराष्ट्राची बरीच तरुण मंडळी देशाच्या संघासाठी झुंजणार आहेत, आणि त्यात दोघं जण थेट आपल्या जिल्ह्याचे आहेत. हे खेळाडू कोण, त्यांनी काय केलंय आणि पुढच्या हंगामात नेमकं काय पणाला लागलंय, ते समजून घेऊ.

पुढचा हंगाम एवढा महत्त्वाचा का?

कारणं दोन. पहिलं कारण आशियाई क्रीडा स्पर्धा. १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२६ या काळात जपानमधल्या आइची-नागोया इथे ही स्पर्धा होणार आहे. मागच्या वेळी, म्हणजे २०२३ मध्ये चीनच्या हांगझोऊ शहरात, कंपाउंड तिरंदाजीची पाचच्या पाच सुवर्णपदकं भारताने जिंकली होती. ती राखायची आहेत.

दुसरं कारण याहून मोठं. कंपाउंड प्रकार आजपर्यंत ऑलिंपिकमध्ये नव्हताच. जग जिंकलेल्या पोरांनाही ऑलिंपिक घरी बसून टीव्हीवर बघावं लागायचं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मात्र कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार पहिल्यांदाच ठेवला आहे. मिश्र संघ म्हणजे एक मुलगा आणि एक मुलगी. दार उघडलं खरं, पण फटीएवढंच. कंपाउंडमध्ये भारताकडून एक मुलगा आणि एक मुलगी, एवढीच जोडी खेळू शकेल. त्या जोडीत नाव लागावं म्हणून आतापासून धडपड सुरू आहे.

आधी खेळ समजून घ्या

तिरंदाजीत मुख्य प्रकार दोन. रिकर्व्ह आणि कंपाउंड.

रिकर्व्ह धनुष्याची दोन्ही टोकं पुढच्या बाजूला वळलेली असतात. दोरी बोटांनी ओढायची आणि बोटांनीच सोडायची. अंतर ७० मीटर. आजवर ऑलिंपिकमध्ये दिसलं ते हेच धनुष्य.

कंपाउंड धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात. विहिरीवरच्या कप्पीने जसं पाणी शेंदायला सोपं जातं, तशी ही चाकं मदत करतात. सुरुवातीला ओढताना जोर लागतो, पण दोरी पूर्ण मागे आली की हातावरचा भार एकदम कमी होतो. त्यामुळे नेम धरून थांबता येतं. शिवाय नेमासाठी भिंग असतं आणि दोरी सोडायला हातात छोटं यंत्र असतं.

म्हणजे सोपं आहे का? अजिबात नाही. अंतर ५० मीटर, आणि मधलं १० गुणांचं वर्तुळ फक्त ८ सेंटीमीटरचं. आपल्या आमटीच्या लहान वाटीचं तोंड जेवढं, साधारण तेवढं. एका सामन्यात १५ बाण, प्रत्येक बाणाला २० सेकंद, एकूण गुण १५०. मोठे खेळाडू १४८-१४९ गुण मारतात. म्हणजे पंधरापैकी एक-दोन बाण जरा हलले, की सामना गेला. वारा, हाताचा घाम, छातीची धडधड, सगळं त्या एका बाणात उतरतं.

मिश्र संघाच्या सामन्यात मुलगा आणि मुलगी मिळून १६ बाण सोडतात, कमाल गुण १६०. हांगझोऊच्या फायनलमध्ये नागपूरचा ओजस देवतळे आणि आंध्र प्रदेशची ज्योती सुरेखा वेन्नम यांनी दक्षिण कोरियाला १५९-१५८ असं हरवलं. सोळा बाणांत एकच गुण गेला, तरी फरक फक्त एका गुणाचा राहिला. ऑलिंपिकमध्ये हाच प्रकार असणार आहे.

प्रथमेश जवकार : जगातल्या एक नंबरला हरवणारा

यादीतलं पहिलं नाव अर्थातच बुलढाण्याच्या प्रथमेश जवकारचं. मे २०२३ मध्ये शांघायच्या वर्ल्ड कपमध्ये त्याने नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला फायनलमध्ये १४९-१४८ असं हरवून सुवर्णपदक पटकावलं. श्लोसर तेव्हा जगात एक नंबरवर होता आणि प्रथमेशचं वय होतं १९. पंधरा बाणांपैकी चौदा बाण त्या वाटीएवढ्या वर्तुळात.

त्याच वर्षी मेक्सिकोतल्या वर्ल्ड कप फायनलमध्ये त्याने रौप्य मिळवलं आणि हांगझोऊत अभिषेक वर्मा व ओजस देवतळे यांच्यासोबत सांघिक सुवर्ण जिंकलं. त्या फायनलमध्ये दक्षिण कोरियावर २३५-२३० असा विजय मिळाला.

त्यानंतर मात्र भारतीय संघातली जागा त्याच्यासाठी अवघड झाली. २०२५ च्या जागतिक स्पर्धेच्या संघात त्याचं नाव नव्हतं. म्हणून पुढचा हंगाम त्याच्यासाठी परत येण्याचा आहे. अजून वय हातात आहे, आणि मोठ्या मैदानात हात थरथरत नाही हे त्याने दाखवून दिलं आहे.

मिहिर अपार : ज्युनिअरमधून सीनिअरकडे

दुसरं नाव मिहिर अपार, तोही बुलढाण्याचा. ऑगस्ट २०२५ मध्ये कॅनडातल्या विनिपेग इथे जागतिक युवा स्पर्धा झाली. तिथे २१ वर्षांखालच्या मुलांच्या कंपाउंड संघाने सुवर्णपदक जिंकलं, त्या तिघांत मिहिर होता. कुशल दलाल आणि गणेश मणिरत्नम हे दोघं त्याचे साथीदार.

ज्युनिअरमध्ये पदक मिळवणं आणि सीनिअर संघात जागा मिळवणं यात बराच फरक आहे. सीनिअरला समोर दहा-पंधरा वर्षं मुरलेले खेळाडू असतात. मिहिर हा टप्पा कसा ओलांडतो, ते पुढच्या हंगामात बघायचं.

हे दोघं काही अचानक उगवले नाहीत. बुलढाण्यात प्रशिक्षक चंद्रकांत इलग यांनी तिरंदाजीची शाळाच उभी केली आहे. बुलढाणा पोलीस दलातल्या मोनाली जाधव यांनी २०१९ मध्ये चीनमधल्या जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा जिल्ह्यातल्या पोरापोरींना पहिल्यांदा कळलं की हे आपल्यालाही जमू शकतं.

ओजस देवतळे आणि मधुरा धामणगावकर : विदर्भाचे आणखी दोन

ओजस देवतळे नागपूरचा. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेच्या फायनलमध्ये त्याने १५० पैकी १५० गुण मारले. समोरच्या पोलंडच्या खेळाडूने १४९ मारले, तरी तो हरला. हांगझोऊत ओजसने तीन सुवर्णपदकं घेतली.

मधुरा धामणगावकर अमरावतीची. मे २०२५ मध्ये शांघायच्या वर्ल्ड कपमध्ये तिने अमेरिकेच्या कार्सन क्राहेला १३९-१३८ असं हरवून वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. गुण कमी दिसतात, पण दोघींचेही कमी. म्हणजे कसोटी नेमापेक्षा डोकं शांत ठेवण्याची होती. मधुरा त्यात टिकली.

सातारा-पुण्याची फळी

साताऱ्याच्या आदिती स्वामीने बर्लिनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं तेव्हा ती १७ वर्षांची होती. ओजस आणि आदिती एकाच दिवशी जगज्जेते झाले. दोघांचे प्रशिक्षकही एकच, सातारा पोलिसांत काम करणारे प्रवीण सावंत. त्यांची अकादमी उसाच्या शेतांलगतच्या जागेवर उभी राहिली. नागपूरचा ओजस सरावासाठी साताऱ्याला गेला.

प्रथमेश फुगे हा दुसरा प्रथमेश. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू इथे भारताच्या पुरुष कंपाउंड संघाने पहिल्यांदाच जागतिक सुवर्ण जिंकलं. ऋषभ यादव आणि अमन सैनी यांच्यासोबत फुगे त्या संघात होता. फ्रान्सवरचा तो विजय २३५-२३३ असा होता. साहिल जाधव याने २०२५ च्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण मिळवलं.

रिकर्व्हमध्येही महाराष्ट्र मागे नाही. साताऱ्याचा पार्थ साळुंखे २०२३ मध्ये २१ वर्षांखालील गटात जगज्जेता झाला आणि २०२५ मध्ये शांघायच्या वर्ल्ड कपमध्ये त्याने कांस्य घेतलं. पुण्याची शर्वरी शेंडे २०२५ मध्ये विनिपेगला १८ वर्षांखालील गटात जगज्जेती झाली. फायनलमध्ये कोरियाच्या मुलीशी बरोबरी झाल्यावर शेवटच्या एका बाणावर निकाल लागला. गाथा खडके तर १५ व्या वर्षीच दीपिका कुमारीसोबत ग्वांगजूच्या सीनिअर संघात होती.

जागा तीन, दावेदार किती?

आता खरी गोम इथे आहे. जागतिक स्पर्धेच्या संघात पुरुषांच्या जागा तीन आणि महिलांच्या तीन. ही निवड जुन्या पदकांवर होत नाही, चाचणी स्पर्धा घेऊन होते. त्यामुळेच २०२५ च्या ग्वांगजू स्पर्धेत २०२३ चे दोन्ही जगज्जेते, ओजस आणि आदिती, भारतीय कंपाउंड संघात नव्हते. विचार करा, जगज्जेता असूनही पुढच्याच जागतिक स्पर्धेला घरी राहावं लागलं.

याचा अर्थ त्यांचा खेळ संपला असा नाही. देशात खेळाडूच एवढे तयार झालेत की चाचणीच्या दिवशी चार-दोन गुण कमी पडले तरी नंबर मागे जातो. बुलढाण्याच्या पोरांची पहिली लढाई म्हणूनच कोरिया-अमेरिकेशी नाही, आपल्याच लोकांशी आहे. आणि ऑलिंपिकच्या वेळी तर पुरुषांची जागा एकच असेल.

यात मुलींसाठी मात्र एक मोठी गोष्ट आहे. मिश्र संघात निम्मे बाण मुलीचे असतात. जिल्ह्यातून मुलं पुढे आली, तशा मुलीही यायला हव्यात. पोरीला मैदानावर पाठवायचं की नाही, हा प्रश्न ज्या घरात अजून चर्चेत आहे, त्यांनी आदिती आणि मधुराचे सामने एकदा जरूर बघावेत.

बीबी परिसरातल्या पोरांनी सुरुवात कशी करायची?

बीबीहून मेहकर, चिखली करत बुलढाण्याला जाऊन यायचं म्हटलं की दिवस जातो. रोजचा सराव तिकडे जमणार नाही, हे उघड आहे. तरी काही गोष्टी गावातून करता येतात.

पहिली गोष्ट म्हणजे शाळेतल्या क्रीडा शिक्षकांना भेटा. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात, आणि तिरंदाजी हा त्यातला खेळ आहे. जिल्हा, मग अमरावती विभाग, मग राज्य, मग राष्ट्रीय अशा पायऱ्या असतात. तारखा आणि नोंदणीची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते.

दुसरी गोष्ट, एकदम महागडं कंपाउंड धनुष्य घेऊ नका. परदेशी कंपनीचा पूर्ण संच काही लाखांच्या घरात जातो. सोयाबीनच्या पैशात ते बसत नाही, आणि त्यासाठी कर्ज काढण्याची गरजही नाही. इंडियन राउंड या प्रकारात बांबू-लाकडाच्या साध्या धनुष्याने खेळतात. सुरुवात तिथून करायची. उभं राहणं, श्वास, खांदा, दोरी सोडणं हे सगळं त्यावर पक्कं होतं. एक-दोन वर्षं गोडी टिकली, गुण वाढले, तर पुढचा विचार.

तिसरी गोष्ट सुरक्षेची. प्रशिक्षक नसताना, घराच्या अंगणात किंवा गल्लीत बाण सोडू नका. बाण लागला तर जीव जाऊ शकतो. बाण न लावता ओढलेली दोरीही सोडायची नाही, त्याने धनुष्य तुटतं आणि हाताला इजा होते.

चौथी गोष्ट कागदपत्रांची. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पण कोणतंही प्रमाणपत्र चालत नाही. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची होती का, कोणत्या पातळीची होती आणि क्रमांक कितवा आला, हे तपासलं जातं. ही पडताळणी क्रीडा विभागाचे विभागीय उपसंचालक करतात. पैसे घेऊन प्रमाणपत्र देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहा. खरं प्रमाणपत्र मिळालं की त्याची झेरॉक्स नाही, मूळ प्रत जपून ठेवा.

मोबाइलवर कसं बघायचं?

वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या वेबसाइटवर निकाल आणि यूट्यूब चॅनेलवर सामन्यांचे व्हिडिओ मिळतात. प्रथमेश जवकारचं नाव टाकून शांघाय २०२३ ची फायनल शोधा. सामना काही मिनिटांचाच आहे, जास्त डेटा जात नाही. वर्ल्ड कपचे टप्पे वर्षाच्या पूर्वार्धापासून सुरू होतात, त्यामुळे भारतीय संघात कोणाची नावं लागली ते तेव्हाच कळू लागेल. सप्टेंबरमधल्या आशियाई स्पर्धेसाठी एवढं लक्षात ठेवा, की जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिकडे सकाळी दहाला सामना असेल, तर इकडे सकाळचे साडेसहा वाजलेले असतील. रानात निघायच्या आधी चहा घेता घेता बघून होईल.